वखारीचं कुलूप

जयवंता माळणीला म्हातारपणी पाहिलेले लोक सांगत की बाई कधी हसायची नाही. तरुणपणी ती हसत असे, आणि मोर्णेच्या पलीकडल्या काठाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसत असे. नवरा महामारीत गेला तेव्हा तिच्या पदरात एकच लेकरू होतं, सहदेव. भावानं माहेरी बोलावलं, पण तिनं अकोल्याची नदीकाठची वाडी सोडली नाही. मोटेला बैल होते, वाफे करायला स्वतःचे हात होते. वांगी, मेथी, मुळे आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन ती सकाळी बाजारात बसे आणि ऊन चढलं की वाडीत परते. सहदेव अंगानं किडकिडीत होता, पण पायानं इतका चपळ की पाटातलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला त्याच्याइतकं कुणी धावत नसे. तो धावायचा आणि ती हसायची.

त्या वर्षांत वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इथल्या पऱ्हाटीला सोन्याचं मोल आलं. लोकांनी ज्वारीच्या शेतात कापूस पेरला. अकोल्याच्या बाहेर एकाशेजारी एक वखारी उठल्या, आणि हंगामात बैलबंड्यांची रांग नदीच्या उतारापर्यंत लागायची. त्यातली सगळ्यात मोठी वखार उत्तमरावची. तो कापूस घ्यायचा, वेचून साफ करायचा, बोऱ्यांत भरायचा आणि मुंबईच्या वाटेला लावायचा. माणूस तोंडाचा गोड होता. देवळाला दिवे द्यायचा, भिकाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचा नाही. गाव त्याला भला माणूस म्हणायचं, आणि त्या दिवसापर्यंत जयवंताही म्हणायची.

बोरा भरायचं काम असं असे. लाकडाच्या उंच चौकटीला मोठा बोरा टांगायचा. एकानं आत उतरायचं. वरून रुई पडत राहील आणि त्यानं ती पायांनी तुडवत राहायची, तुडवता तुडवता वर यायचं. मोठ्या माणसाचा पाय बोऱ्याच्या कोपऱ्यात नीट बसत नसे. पोरांचा बसे. शिवाय त्या हंगामात मोठी माणसं मिळत नव्हती आणि मिळाली तर भांडत होती. म्हणून उत्तमरावचा मुकादम नत्थुजी धोतराच्या सोग्यात गूळ-फुटाणे बांधून नदीकाठानं फिरायचा आणि पोरं गोळा करून न्यायचा. जयवंताच्या वाडीतही तो दोनदा येऊन गेला होता. तिनं त्याला सरळ सांगितलं होतं, माझं पोर वखारीत जाणार नाही.

माघ महिन्यात एके सकाळी ती बाजारात असताना नत्थुजीनं नदीवर खेळणारी पोरं उचलली. त्यांत सहदेव होता.

घरी आल्यावर तिला पोर दिसलं नाही. शेजारच्या वाडीतल्या गोदाबाईनं सांगितलं की तिची रुख्मिणीही गेली, मैनाबाईचा मुलगाही गेला, मुकादमानं नेली. जयवंता तशीच वखारीवर गेली. फाटकाला बाहेरून कुलूप होतं. तिनं फळ्यांच्या फटीतून हाका मारल्या. पलीकडून नत्थुजी आला आणि म्हणाला, काम संपलं का सोडतो बाई, बंड्या उभ्या हायेत. त्याच्या मागून कुठून तरी सहदेवचा आवाज आला.

"माय, मले घरी ने."

ती फाटकावर दगड मारू लागली. तेवढ्यात उत्तमरावची बैलांची दमणी आली. जयवंतानं त्याचे पाय धरले. त्यानं पाय सोडवले नाहीत, रागावलाही नाही. समजावत म्हणाला की बाई, चोर फार झालेत, फाटक एकदा उघडलं की माणसं अंगरख्याखाली रुई घेऊन पळतात. सांजेला पोर तुझ्या घरी येईल, मी शब्द देतो. मग दमणी वळवून तो गावात जेवायला गेला. किल्ली त्याच्या कमरेला होती. उन्हात ती चमकलेली तिला पुढे जन्मभर दिसत राहिली.

दुपार तिनं फाटकाशीच काढली. आत मुकादम ओरडत होता, कुणी पोर खोकत होतं, चौकटी कुरकुरत होत्या. एकदा आत गलका झाला आणि थांबला. बऱ्याच वेळानं एक गडी मागची भिंत चढून उत्तमरावच्या घराकडे पळत गेला. उत्तमराव आला, त्यानं कुलूप काढलं. फाटक उघडलं ते जयवंतासाठी नव्हतं. दोन गड्यांनी सहदेवला बाहेर आणलं. त्याच्या नाकातोंडात, पापण्यांवर, केसांत पांढरी रुई होती. तिनं ती काढायला सुरुवात केली आणि काढतच राहिली. शेवटी माळीपुऱ्यातल्या बायकांनी तिचे हात धरले.

उत्तमरावनं दहनाला लाकडं पाठवली. जयवंतानं ती नदीत लोटून दिली.

ठाण्यावर ती गेली तेव्हा ठाणेदार म्हणाला की हा अपघात आहे, कुणी मुद्दाम मारलं नाही, यात लिहून घेण्यासारखं काही नाही. तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी तिनं विळ्याला धार लावली, टोपल्यात मुळ्याच्या जुड्यांखाली तो ठेवला आणि भर सकाळी उत्तमरावच्या घरी गेली. तो ओसरीवर न्हाव्यापुढे बसला होता. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. तिच्यात आणि त्याच्यात चार हातांचं अंतर असेल. तिनं मुळे बाजूला सारले, मूठ धरली. एवढ्यात आतून त्याची लेक कौशल्या धावत आली आणि बापाच्या मांडीवर बसली. सहदेवच्याच वयाची. मुळे पाहून तिनं हात पुढे केला.

जयवंता नुसती उभी राहिली. मग टोपलं उचलून निघून आली.

पुढे कुणी विचारलं की त्या पोरीची दया आली का, तर ती नाही म्हणायची. पोर मध्ये आली, विळा तिला लागला असता, एवढंच. पण त्या दिवशी वाडीत येऊन तिनं स्वतःचा उजवा हात बांधावर आपटून आपटून सुजवून घेतला. हात उठला नाही याचा तिला राग होता.

कचेरीबाहेर निंबाच्या झाडाखाली अर्जनवीस बसत. त्यांतले वामनराव तिची भाजी घेत. माणूस अमरावतीकडून आलेला, नव्या कायद्याची पुस्तकं वाचलेला, थोडा भित्रा. जयवंता त्यांच्यापुढे जाऊन बसली. आज टोपलं नव्हतं.

"माणूस मारला तर फाशी होते म्हनतात," ती म्हणाली. "पोट्टं मारलं तर काय होते?"

वामनरावांनी बोरू खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तिला खोटी आशा न देता सांगितलं की फाशी होणार नाही. मारायचा हेतू होता हे कुणी सिद्ध करू शकणार नाही, आणि नुसत्या हलगर्जीला या नव्या कायद्यात नीट कलम नाही. तिला ते समजायला वेळ लागला. एवढं मोठं सरकार, एवढे कागद, आणि पोर मेल्याचं कलम नाही. ती उठायला लागली तेव्हा ते म्हणाले, थांबा. चौदा वर्षांखालचं मूल आईबापाला न विचारता नेणं, हा गुन्हा आहे. कुणालाही कोंडून ठेवणं, हाही गुन्हा आहे. तुम्ही नाही म्हटलं होतं. फाटकाला कुलूप होतं. याबद्दल त्याला तुरुंग होऊ शकतो.

"तुरुंगाले कुलूप असते?"

"असतं."

"बाहेरून?"

"बाहेरूनच."

जयवंता पुन्हा खाली बसली. "मंग लिवा," ती म्हणाली. "पन त्याले आत टाकून कुलूप लावतील तवा मी तिथं उभी पायजे. हे बी लिवा."

तेवढं काही वामनरावांनी लिहिलं नाही. बाकीचा अर्ज त्यांनी ठाणेदाराला टाळून सरळ असिस्टंट कमिशनर साहेबाकडे दिला. साहेब नवा होता, तरुण होता, आणि नवा कायदा चालतो हे त्याला दाखवायचं होतं. त्यानं खटला घेतला. पण साक्षी आणा म्हणाला.

साक्षी कुठल्या? त्या दिवशी आत होती ती पोरं आणि काही गडी. गड्यांना वखारीचं काम सोडायचं नव्हतं. पोरांच्या आईबापांची चूल त्याच वखारीवर पेटत होती. मैनाबाईनं तर दार लावून घेतलं. गोदाबाई रडली, पण रुख्मिणीला कचेरीत उभी करणार नाही म्हणाली. उत्तमराव घरोघर गेला नाही. त्याला जायची गरज नव्हती. नत्थुजी फक्त वाटेनं जाता-येता विचारायचा, पुढच्या हंगामात काम पाह्यजे ना?

तेव्हा जयवंतानं दुसरा बेत केला. माळीपुऱ्यात खुशालराव जातीचे मेहतर, म्हणजे पंचांत पहिला शब्द त्यांचा, आणि नात्यानं ते तिचे चुलतसासरे. तिनं पंचायत बोलवायला लावली. डोक्यावर पदर घेऊन ती मागणं मांडायला उभी राहिली. म्हणाली, वखारीतले गडी, बंडीवाले, उत्तमरावचं घर, सगळे आपल्या वाडीतलं खातात. आजपासून त्याच्याकडे एक पान जाऊ नये. खुशालरावांनी मान हलवली. हंगामात निम्मी भाजी वखारीच उचलतात, म्हणाले, एकाच्या दुःखात सगळ्यांनी का बुडायचं.  तेव्हा फुलांच्या माळा करणारी म्हातारी गंगूबाई बायकांतून बोलली. तिचे दोन नातू मागच्या वर्षी त्याच वखारीत होते.

"मामंजी," ती म्हणाली, "भाजी आमी तोडतो, आमी धुतो, आमी इकतो. तुमी कोन सांगनारे?"

पुरुषांना हसू आलं आणि मग हसणं थांबलं, कारण बायका उठून निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून उत्तमरावच्या माणसाला अकोल्याच्या बाजारात मिरचीही मिळाली नाही. पैसे दाखवले तरी नाही, दुप्पट दिले तरी नाही. दुसऱ्याच्या नावानं कुणी घ्यायला आलं तर बायका ओळखायच्या. वखारीत गडी कोरडी भाकर पाण्यात बुडवून खाऊ लागले. बंडीवाले, जे चार दिवसांच्या वाटेनं येत आणि इथं पोटभर जेवायचं म्हणून थांबत, ते दुसऱ्या वखारीकडे वळले. जयवंता रोज सकाळी फाटकासमोरच्या चिंचेखाली टोपलं घेऊन बसायची. ताजी वांगी, दवातली मेथी. गडी बघायचे. ती विकायची नाही. संध्याकाळी सगळं गुरांना घालायची. असं करताना तिला बरं वाटायचं. पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटत होतं.

फागुनात गडी फुटले. दोघं येऊन साक्ष द्यायला तयार झाले. पण तिला तेवढं पुरत नव्हतं.

वैशाखात उत्तमरावच्या कौशल्याचं लग्न निघालं. वरात बार्शीटाकळीहून येणार होती, मोठ्या घरची. माळीपुऱ्यातून ना हार गेले, ना मुंडावळ्या, ना बाशिंग. उत्तमराव स्वतः खुशालरावांच्या दारी आला. खुशालराव म्हणाले, बाईले विचारा. तो जयवंताच्या वाडीच्या बांधापर्यंत आला आणि तिथं उभा राहिला. मोगरा फुललेला होता. ती त्याच्या डोळ्यांदेखत फुलं खुडून पाटात टाकत राहिली. शेवटी तो आल्या वाटेनं परतला.  पाण्यावरून फुलं वाहत गेली.

लग्न लागलं. लांबून आणलेली फुलं वाटेत उन्हानं काळी पडली होती, तीच घातली. पाहुण्यांत कुजबुज झाली की माळ्यानं पाठ फिरवली ते घर कसलं. उत्तमरावची मान खाली गेलेली जयवंतानं गर्दीत उभं राहून पाहिली, मन भरून पाहिली. मग नवरी आली. मामानं खांद्यावर आणली होती, कारण तिला झोप लागली होती. सुकलेलं बाशिंग एका कानावर घसरलं होतं आणि तोंड उघडं पडलं होतं. सगळी पोरं झोपेत असंच तोंड उघडतात. जयवंता तिथून निघाली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या सकाळी ती चिंचेखाली होतीच.

त्या लग्नानंतर गोदाबाई तिच्याकडे आली. म्हणाली, रुख्मिणी झोपेत ओरडते, थांबा थांबा म्हणते. ने तिले कचेरीत. निदान ओरडायचं तिथं ओरडंल.

खटला ज्येष्ठात उभा राहिला. उत्तमरावनं नागपूरकडचा वकील आणला होता. त्याचं म्हणणं होतं की पोर आपल्या पायानं आलं, आईनंच पाठवलं, आणि वखारीत काय चालतं ते मुकादम जाणे. मालक गावात होता. कुलूप मुकादमानं आपल्या मर्जीनं लावलं. नत्थुजी आरोपीच्या जागी मालकाशेजारीच उभा होता. त्यानं मालकाकडे पाहिलं. मालकानं छताकडे पाहिलं.

आधी रुख्मिणीची साक्ष झाली. साहेबानं पेशकाराकरवी तिला विचारलं की खरं बोलणं म्हणजे काय ते कळतं का. ती म्हणाली, कळते. मग तिनं सांगितलं, आणि ते सांगताना एकदाही रडली नाही.

"सहदेव बोऱ्यात होता. तो म्हने, मले बाहेर काढा, दम लागून राहिला. आमी सांगतलं मुकादमाले. मुकादम म्हने, टाका, बंड्या उभ्या हायेत. मंग वरून रुईची गंजी घसरली. आमी हातानं उकरत होतो. मोठे म्हनत होते फाटक खोला, वारा येऊ द्या, मानसं बोलवा. पन फाटकाले कुलूप होतं."

साहेबानं नत्थुजीला विचारलं की तुला काही सांगायचं आहे का. नत्थुजी मालकाकडे न पाहता पुढे झाला. नंतर म्हणाला, साहेब, मी पोरं नेली, बाईनं नाही म्हटलं होतं तरी नेली. ते मालकाच्या सांगण्यावरून. आणि चावी माझ्याजवळ कधीच नव्हती. "चावी मालकाच्या कमरेले राहे. आजबी हाय. पाहा."

सगळ्या कचेरीनं उत्तमरावच्या कमरेकडे पाहिलं. सवयीची वस्तू, तो काढून ठेवायला विसरला होता.

नत्थुजी बाहेर आला तेव्हा जयवंतापाशी थांबला. मी खरं बोललो बाई, म्हणाला. त्याला वाटलं असेल की ती काही तरी म्हणेल. ती त्याच्या पायाजवळ थुंकली. तो खरं बोलला तो सहदेवसाठी नव्हे, मालकानं टाकून दिलं म्हणून बोलला, हे तिला कळत होतं. ती स्वतः तरी रागाशिवाय दुसऱ्या कशानं इथवर आली होती?

उत्तमरावला दीड वर्ष सक्तमजुरी झाली, नत्थुजीला त्याहून कमी. उत्तमराव जामिनावर सुटला आणि अमरावतीच्या मोठ्या साहेबाकडे अपील केलं. सुनावणी कार्तिकात लागली. जयवंता अमरावतीला गेली. जायला दुसरी वाट नव्हती, कापसाच्या बंड्यांच्या सोबतीनंच जावं लागलं. बंडीवाले म्हणाले, वर बस. ती बोऱ्यावर बसेना. दिवसच्या दिवस चाकाच्या बाजूनं चालली, तोंडाला पदर लावून, उडून येणारी रुई अंगावरून झटकत. अमरावतीत तिला कुणी काही विचारलं नाही. आत वकील बोलले, बाहेर ती भिंतीला टेकून बसली. संध्याकाळी वामनराव आले आणि म्हणाले की शिक्षा कायम झाली.

तिथंच त्याला जेलमध्ये नेलं. वामनरावांनी जमादाराला काय सांगितलं ठाऊक नाही, पण त्यानं जयवंताला फाटकापर्यंत येऊ दिलं. उत्तमराव आत गेला. वळून त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. कदाचित क्षमा मागत असेल, कदाचित शिवी देत असेल. शिपायानं फाटक ओढलं, कुलूप घातलं, किल्ली फिरवली. ती बघत होती. शिपाई किल्ली कमरेला लावून निघून गेला तरी बघत होती. वामनरावांनी हळूच विचारलं, झालं ना बाई समाधान?

"नाही," ती म्हणाली. "तो आत दम घेऊन राहिला."

परतल्यावर वामनरावांनी आणखी एका अर्जाची गोष्ट काढली. ते म्हणाले की अकोल्याच्या साहेबाचं मन या खटल्यानं हललं आहे, आता मागितलं तर वखारींसाठी नियम करून घेता येईल. माणसं आत असताना फाटकाला कुलूप लावायचं नाही. लहान पोराला बोऱ्यात उतरवायचं नाही. आईबापानं कोतवालासमोर हो म्हटल्याशिवाय पोराला कामावर घ्यायचं नाही. जयवंतानं कानामागे टाकलं. म्हणाली, माझं पोर गेलं, आता दुसऱ्यांच्या पोरांचं मले काय. वामनराव दोन दिवसांनी पुन्हा आले आणि वेगळ्या शब्दांत बोलले. म्हणाले, नियम झाला तर एकट्या उत्तमरावला नाही, सगळ्या वखारवाल्यांना तो टोचत राहील. दर हंगामाला टोचत राहील.

मग तिनं अंगठा दिला. माळीपुऱ्यातल्या सगळ्या बायकांनी दिला, आणि बायकांनी दिला म्हणून खुशालरावांनीही दिला. नव्या हंगामाच्या तोंडावर साहेबाच्या हुकमाची दवंडी फिरली. वखारवाल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हुकूम पाळला जातो का हे बघायला सरकारकडे माणूस नव्हता.

माणूस जयवंता झाली. टोपलं डोक्यावर घेऊन ती भाजी विकायच्या निमित्तानं प्रत्येक वखारीत शिरायची. टोपलं खाली ठेवायची आणि सरळ चौकटींकडे जाऊन बोऱ्यांत डोकावायची. आत पोर दिसलं की हाताला धरून वर ओढायची. मालक ओरडला तर साहेबाचं नाव घ्यायची. नाव घेऊन भागलं नाही तर खरोखर कचेरीत जाऊन उभी राहायची. आणि त्याही उपर भाजी बंद. ज्या वखारीच्या फाटकाला तिला कुलूप दिसे, तिथली मिरची दुसऱ्या दिवशी बाजारातून नाहीशी होई. वखारवाले तिला हडळ म्हणायचे. ते तिला कळलं तेव्हा तिला ते आवडलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अमेरिकेची लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव रातोरात कोसळला. वखारी ओस पडल्या. जेलमधून सुटून उत्तमराव आला तेव्हा त्याच्या वखारीची लाकडं लोकांनी सरपणाला नेली होती. घर विकून तो लेकीच्या गावी, बार्शीटाकळीला, निघून गेला. माळीपुऱ्यात लोक म्हणाले, पाहा, देवानं न्याय केला. जयवंता चिडली. असं बोलणाऱ्याशी तिनं भांडण केलं.

"देवानं काय केलं?" ती म्हणायची. "भाव पडला तवा समद्याईचाच पडला. त्याले आत टाकलं ते मी टाकलं. देवाले काहून देता?"

पुढे हुकूम काढणाऱ्या साहेबाची बदली झाली. वामनरावही अमरावतीला गेले. आगगाडी आली, कापूस पुन्हा उठला, नव्या वखारी झाल्या, नवे मालक आले. त्यांना जुना हुकूम ठाऊक नव्हता. जयवंताला ठाऊक होता. तिचे केस पांढरे झाले, टोपलं उचलायला दुसऱ्याचा हात लागू लागला, तरी हंगाम लागला की ती निघायची. रुख्मिणी लग्न होऊन त्याच गावात होती. ती कधी कधी बरोबर जायची. एकदा तिनं विचारलं की मावशे, आता तरी राग गेला का. जयवंता म्हणाली, राग गेला असता तर घरी बसली नसती का.

एका वर्षी पाऊस कमी झाला. तेव्हा तिनं एका वखारीत बोऱ्यातून एक पोरगं ओढून काढलं. बाहेर त्याची आजी उभी होती. ती मैनाबाई निघाली, त्या खटल्यात दार लावून घेतलेली. हाडांचा सापळा झालेली. मैनाबाईनं पोराला पोटाशी धरलं आणि जयवंताला शिव्या दिल्या. म्हणाली, तुझं मेलं म्हणून आमची उपाशी ठेवतं काय. याच्या मजुरीवर घरात चार तोंडं हायेत. सगळी वखार ऐकत होती. मालकाला बरं वाटलं असावं, तो हसला.

जयवंता खाली ठेवलेल्या टोपल्याकडे वळली.

"उपाशी पोट्टं रडते मैने," ती म्हणाली. "रडते तवर ते घरात असते."

तिनं टोपलं मैनाबाईच्या पुढ्यात रिकामं केलं. वांगी, मुळे, सगळंच. दया म्हणून नव्हे, भांडण संपवायची तिची ती रीत होती. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा मागून एक ढेकूळ येऊन तिच्या पाठीत लागलं. त्या पोरानंच मारलं होतं. त्याचं काम गेलं होतं. रुख्मिणी त्याला मारायला धावली, तर जयवंतानं तिला हाक मारून परत बोलावलं.

"मारू दे," ती म्हणाली. "हात चालते त्याचा."

आणि पाठीवरची माती न झटकता ती रिकामं टोपलं काखेत धरून पुढल्या वखारीच्या वाटेला लागली.